दुपारी दोन रुपये, संध्याकाळी दहा: हा दर कुठून येतो

उन्हाळा लागला की एक मेसेज हमखास फिरतो. वर इंडियन एनर्जी एक्स्चेंजच्या, म्हणजे वीज खरेदी-विक्रीच्या बाजाराच्या, दरांचा तक्ता: दुपारी युनिटला दोन रुपये, संध्याकाळी दहा. खाली चार दावे. मागणी जेमतेम पाच टक्के वाढते, तर दर पाचपट कसा? कंपन्या विजेची साठेबाजी करतात. यामुळे तुमचं बिल दुप्पट होणार. सरकारने दराची कमाल मर्यादा निम्म्यावर आणावी. तक्ता खरा असतो आणि लोकांचा संतापही खरा आहे. पण चौथी मागणी मान्य झाली तर अंधार आपल्याच घरात होईल, म्हणून सविस्तर लिहितोय.

"पाच टक्के मागणी, पाचपट दर." देशातली बहुतेक वीज एक्स्चेंजवर येतच नाही. वितरण कंपन्यांनी ती दीर्घ मुदतीच्या करारांनी आधीच बांधून घेतलेली असते. बाजारात येतो तो थोडासा भाग. समजा एका कंपनीला १,००० मेगावॅट लागतात आणि करार ९५०चे आहेत. बाजारातून ५० घ्यायचे. गरज पाच टक्क्यांनी वाढून १,०५० झाली, की बाजारातून १०० घ्यावे लागतात. एकूण मागणी पाचच टक्के वाढली, पण बाजारातली दुप्पट झाली. त्याच संध्याकाळी शेजारच्या राज्यातही कूलर चालू असतात. त्यामुळे काल ज्याच्याकडे विकायला शिल्लक होती, तोच आज घ्यायला उभा राहतो.

आता तक्त्यातल्या दोनच ओळी बघा. एक्स्चेंजवर उद्याचा दिवस पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ तुकड्यांत विकला जातो. ४९वा तुकडा दुपारी बारा ते सव्वाबाराचा. सौरवीज भरात असते, वीज बनवणारे महागडे संच लागतच नाहीत. ७७वा तुकडा संध्याकाळी सात ते सव्वासातचा. सौरवीज संपलेली, घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर सुरू. प्रत्येक तुकड्यात विक्रीच्या बोली स्वस्तापासून वर रचतात, खरेदीच्या महागापासून खाली, आणि दोन्ही जिथे भेटतात तो दर सगळ्यांना लागू होतो. सातच्या तुकड्यात भेटायची जागा मिळण्याआधीच दर अनेकदा मर्यादेला जाऊन अडतो. एप्रिल २०२३ मध्ये ही मर्यादा दहा रुपये झाली. तक्त्यातला तो दहाचा आकडा त्या छताचा असतो.

"साठेबाजी." कांदा चाळीत ठेवता येतो. वीज ज्या क्षणी बनते त्याच क्षणी वापरावी लागते. मात्र चालू शकणारा संच मुद्दाम बंद ठेवून टंचाई करता येते. २०००-०१ साली कॅलिफोर्नियात एन्रॉन आणि इतरांनी बाजारात अशाच लबाड्या केल्या, त्या उघडही झाल्या. म्हणून संशय घेणाऱ्यांना मी वेडं म्हणणार नाही. पण विचारायचं ते हे: त्या वेळी कोणता संच तयार असूनही बंद होता? नुसत्या दहाच्या आकड्यावरून ते कळत नाही. आणि खरी साठवण तर आपल्याला हवीच आहे. घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प वीज शिल्लक असताना पाणी वर चढवतो आणि टंचाईच्या वेळी ते खाली सोडून वीज बनवतो. असे प्रकल्प जितके जास्त, तितका संध्याकाळी सात वाजताचा दर खाली येईल.

"बिल दुप्पट." कंपनीने ९५ टक्के वीज पाच रुपयांनी आणि पाच टक्के वीज दहा रुपयांनी घेतली, तर सरासरी पडते ५ रुपये २५ पैसे. हे पंचवीस पैसेही इंधन समायोजन आकारातून, म्हणजे वीजखरेदीचा वाढीव खर्च वसूल करणाऱ्या आकारातून, बिलात येऊ शकतात आणि खटकतात. पण याला दुप्पट म्हणत नाहीत.

"मर्यादा निम्म्यावर आणा." हा प्रयोग झालेला आहे. मार्च २०२२. देशात १९०१ पासूनचा सर्वात गरम मार्च, युक्रेन युद्धाने महागलेला आयात कोळसा, आणि एक्स्चेंजवरचा दर वीस रुपयांच्या मर्यादेला टेकलेला. केंद्रीय वीज नियामक आयोगाने एप्रिलच्या सुरुवातीला मर्यादा बारावर आणली. दर बाराला चिकटला, पण वीज वाढली नाही. आयात गॅसवरची वीज तेव्हा बारा रुपयांत बनतच नव्हती, मग ती विकायला कोण येणार? अखेर मार्च २०२३ मध्ये अशा महागड्या विजेसाठी पन्नास रुपये मर्यादेचा वेगळा बाजार उघडावा लागला.

कोळशाची टंचाई होतीच, त्यात बाजारातही वीज मिळेना. एप्रिल २०२२ मध्ये महाराष्ट्रात भारनियमन झालं. ज्या वीजवाहिन्यांवर गळती आणि थकबाकी जास्त, त्या आधी बंद झाल्या. तालुक्याच्या गावात वेल्डिंगचं दुकान चालवणाऱ्याने जनरेटर लावला. छोटा जनरेटर एका लिटरमध्ये तीन-साडेतीन युनिट देतो आणि डिझेल तेव्हा शंभरीपार होतं. त्याला एक युनिट तीस रुपयांच्या आसपास पडलं, आणि ते कुठल्याच तक्त्यात आलं नाही.