कोनाडा रिकामा झाला तेव्हा

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एका भावाने मावशीच्या नातवाचा फोटो टाकला. पोराच्या मनगटात काळा दोरा. खाली लिहिलं, "बावीस प्रतिज्ञा विसरल्या वाटतं!" त्यावर हसण्याची रांग लागली. मावशी काहीच बोलली नाही. मला मात्र रात्री झोप आली नाही, आजी आठवत राहिली.

१४ ऑक्टोबर १९५६ ला आजी-आजोबा बाबासाहेब आंबेडकरांसोबत बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला नागपूरला गेले होते. पांढरं लुगडं शेजारणीकडून मागून आणलेलं. त्या दिवशी लाखोंच्या गर्दीत उभं राहून तिनं बाबासाहेबांच्या मागोमाग जुने देव सोडण्याच्या त्या बावीस प्रतिज्ञा एकेक करून म्हटल्या. गावी परतल्यावर आजोबांनी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि नदीत सोडून आले. आजी सांगायची, "त्या दिवशी छाती अशी मोकळी झाली की काय सांगू."

पण संध्याकाळ झाली आणि तिनं सवयीनं दिवा लावला. तो ठेवायला कोनाड्याकडे हात गेला, तर कोनाडा रिकामा. तेलाच्या काजळीचा काळा डाग तेवढा भिंतीवर. दिवा हातात घेऊन ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली होती म्हणे. शेवटी चुलीपाशी ठेवला.

दीक्षेनंतर ५३ दिवसांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. ज्यांच्या शब्दावर जुनं सगळं सोडलं तेच गेले. आपण इतिहासात हे दोन ओळींत वाचतो. त्या माणसांनी ते दिवस कसे काढले असतील, याचा विचार मी स्वतःही फार उशिरा केला.

पुढच्या उन्हाळ्यात आजीच्या थोरल्या लेकाला गोवर निघाला. "मातामाय कोपली, नवस बोल," असं गावात जो तो सांगू लागला. आजी पोराला मांडीवर घेऊन रात्रभर बसली. नवस बोलली नाही. बुद्ध, धम्म, संघाला शरण जाण्याचं त्रिशरण नीट पाठ नव्हतं, येईल तेवढंच पुटपुटत राहिली. तिसऱ्या दिवशी पोरगा गेला.

तरीही ती मागे फिरली नाही. आमच्या घरात हे अभिमानानं सांगतात, मलाही अभिमान आहे. पण सत्तरीत असताना एका दुपारी शेंगा सोलता सोलता तिनं मला हळूच विचारलं होतं, "मी देव सोडले म्हणून तर नाही ना गेला वं माहा लेक?" इतकी वर्षं तिनं हा प्रश्न एकटीनं वागवला. विचारणार कोणाला? विचारलं असतं तर कच्ची ठरली असती.

म्हणून मला त्या हसण्याचा राग आला. देव मानायचा नाही हे माणूस एका दिवसात ठरवू शकतो. भीतीचं तसं नसतं, ती आईच्या दुधातून आलेली असते. पोर तापानं फणफणलं की मध्यरात्री ती वर येते. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सत्तावीस लाखांवर माणसांची बौद्ध म्हणून नोंद झाली. त्यातल्या कितीतरी घरांत अशा रात्री आल्याच असतील. भीती वाटत असताना पाय रोवून उभं राहणं, याला मी धैर्य म्हणते. आणि एखादीचा पाय घसरला, तर तिच्याशेजारी जाऊन बसावं. फोटो काय काढता?

आजीला सावरलं ते बायांनी. पावसाळ्यात, वर्षावासाच्या महिन्यांत, विहारात धम्मग्रंथाचं वाचन चाले. तिथं किसा गोतमीची गोष्ट आली. मेलेलं लेकरू कडेवर घेऊन ती दारोदार फिरते, जिथं कुणी मेलं नाही अशा घरची मोहरी मागते आणि तसं घर तिला सापडत नाही. आजी ऐकता ऐकता हुंदके देऊन रडली. मग शेजारची रडली, तिचंही एक गेलेलं होतं. त्या संध्याकाळी पाच-सहा बायांनी आपापल्या गेलेल्या लेकरांची नावं पहिल्यांदा मोठ्यानं घेतली. तिथून पुढं आजीला झोप लागायला लागली, असं ती म्हणायची.

तर काल मावशीला फोन केला. दोऱ्याचा विषय काढला नाही. नातवाचा ताप उतरला का, एवढंच विचारलं. "उतरला गं," म्हणाली, आणि मग बराच वेळ रडत होती. रविवारी जाते आहे तिच्याकडे, दोन दिवस राहीन.