स्मार्ट मीटर बसवा, पण घरांवर प्रीपेड लादू नका

माझं मत आधीच सांगतो. स्मार्ट मीटरला, म्हणजे रीडिंग आपोआप पाठवणाऱ्या नव्या वीजमीटरला, माझा विरोध नाही. विरोध आहे तो घरगुती ग्राहकांवर प्रीपेड (आधी रिचार्ज, मग वीज) लादायला, आणि घरातलं वायरिंग न बघता नुसतं मीटर बदलून निघून जायला. मी इंदूरमध्ये वायरिंगची कामं करतो. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर भागातली बरीच घरं आतून पाहिली आहेत. रोज कुणीतरी बिल पुढे धरून विचारतं, "भाऊ, मीटर बदललं आणि बिल वाढलं, म्हणजे मीटर पळतंय ना?"

कधी मीटरमध्ये दोष असतोही. पण जुन्या घरांत मला जास्त वेळा दोष सापडतो तो न्यूट्रलमध्ये. वीज फेजच्या तारेने घरात येते आणि न्यूट्रलने परत जाते. जुनं चकतीचं मीटर साधारण फेजमधून किती करंट गेला तेवढंच मोजायचं. नवं मीटर दोन्ही तारांवर लक्ष ठेवतं आणि ज्या तारेत करंट जास्त, त्यावर युनिट धरतं. चोरी पकडायला हे बरोबरच आहे. पण आपल्याकडचे जुने वाडे आठवा. एका घराची वाटणी होऊन तीन घरं झाली, मीटर तीन लागले, आणि आतलं न्यूट्रल मात्र एकत्रच राहिलं. आता शेजारच्या खोलीतल्या कूलरचा करंट तुमच्या न्यूट्रलने परत जातो. शेजाऱ्याच्या मीटरने ती वीज मोजलेलीच असते, तुमचंही मीटर ती मोजतं. एकाच विजेचे पैसे दोन घरांतून जातात. ओल धरलेल्या भिंतीतून किंवा जुन्या गीझरमधून करंट अर्थिंगला, म्हणजे जमिनीत, गळत असेल तर तोही बिलात येतो, पण तो फेजमधूनच जातो म्हणून जुनं मीटरही मोजायचं.

अशा एका वाड्यात दोन सख्ख्या भावांमध्ये वीजचोरीच्या संशयावरून बोलणं बंद झालं होतं. चोरी कुणीच केली नव्हती. दोघांची न्यूट्रल वेगळी केली आणि दोन्ही बिलं ताळ्यावर आली. मन खरंच विषण्ण झालं. मीटर बसवायला आलेल्या माणसाने टाँग टेस्टर (तारेभोवती पकडून करंट मोजायचं यंत्र) लावून फेज आणि न्यूट्रलचा करंट तपासला असता तर हे पाच मिनिटांत कळलं असतं. त्याला तसं सांगितलेलंच नसतं, त्याला दिवसभरात ठरलेले मीटर लावायचे असतात. माझ्या मते ही तपासणी करून तिचा कागद ग्राहकाच्या हातात देणं मीटर बसवणाऱ्यांवर सक्तीचं हवं.

तोवर एवढं स्वतः करून बघा. घरातला मेन एमसीबी (मुख्य स्विच) पाडा आणि मीटरचा लाल दिवा बघत थांबा. तो तरीही लुकलुकत राहिला, तर न्यूट्रल कुठेतरी दुसऱ्या घराशी जोडलेलं आहे किंवा मीटर आणि मेनच्या मधे कुणाची तरी तार आहे. मग वायरमनला बोलवा, स्वतः खोलू नका.

आता फायद्याचं. अ‍ॅव्हरेज बिलाची कटकट गेली, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. रीडर आला नाही की अंदाजाने बिल, आणि पुढच्या महिन्यात सगळे युनिट एकदम. ज्यांचा वापर 150 युनिटच्या आत असतो त्यांना मध्य प्रदेश सरकारच्या अटल गृह ज्योती योजनेत पहिले 100 युनिट 100 रुपयांत मिळतात. 150 ओलांडले की त्या महिन्याची सवलतच जाते. रीडिंग पुढेमागे झाल्याने पेन्शनवर जगणाऱ्या घराची सवलत जाणं हा सरळ अन्याय होता. आता रीडिंग रोज आपोआप जातं आणि अ‍ॅपवर दिसतं, म्हणून वीस तारखेलाच सावध होता येतं.

दुसरं, मध्य प्रदेशात 2025-26 च्या दरांत स्मार्ट मीटर असलेल्या 10 किलोवॅटपर्यंतच्या घरांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या विजेवर 20 टक्के सूट दिली गेली. बोअरची मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री नऊनंतर लावा. घरी असणाऱ्या आजी-आजोबांना याचा फायदा आहे. नवरा-बायको दोघं नोकरीला आणि घराला कुलूप, त्यांना काय मिळणार? शिवाय केंद्राच्या 2023 च्या नियमांत दिवसा स्वस्त विजेच्या जोडीला गर्दीच्या वेळी घरांनाही कमीत कमी 10 टक्के महाग दर सांगितला आहे. गर्दीची वेळ म्हणजे संध्याकाळ, मुलांच्या अभ्यासाची आणि स्वयंपाकाची. ते आपल्याकडे आलं तर मी उघड विरोध करीन.

आणि प्रीपेड. केंद्राच्या 2021 च्या आरडीएसएस (वीज वितरण सुधारणा) योजनेत देशभर 25 कोटी प्रीपेड स्मार्ट मीटरचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. प्रीपेडमध्ये सुरक्षा ठेव भरावी लागत नाही, हा फायदा खरा आहे. पण 2003 च्या वीज कायद्यात बिल थकलं तरी लाइन कापण्याआधी 15 दिवसांची लेखी नोटीस आहे. प्रीपेडमध्ये पैसे संपून वीज गेली तर नियमांनुसार ते 'कनेक्शन कापणं' धरलंच जात नाही. म्हणजे गरीब माणसाचे हक्काचे पंधरा दिवस गेले. ज्या घरात ऑक्सिजनचं मशीन चालू आहे, ज्या काकूंना मोबाइलवर रिचार्ज जमत नाही, त्यांचं काय? मे 2024 मध्ये बडोद्यात प्रीपेड मीटरवरून लोक रस्त्यावर आले होते, रिचार्जचे पैसे भराभर संपतात अशी त्यांची तक्रार होती. ज्याला हवं त्याने प्रीपेड घ्यावं, बाकीच्यांना महिन्याचं बिलच राहू द्या.

लोडचंही लक्षात ठेवा. मंजूर लोडपेक्षा (तुमच्या कनेक्शनला मान्य केलेल्या किलोवॅटपेक्षा) मागणी, म्हणजे एका वेळचा वापर, एकदा वर गेली म्हणून लोड वाढवता येत नाही, वर्षात किमान 3 वेळा ओलांडावी लागते, असं केंद्राचे नियम सांगतात.

मीटर बदलताना जुन्या मीटरच्या शेवटच्या रीडिंगचा आणि नव्याच्या पहिल्या रीडिंगचा फोटो काढा, दोन्ही मीटरचे नंबर दिसतील असा. वायरिंग ठीक असूनही बिल पटत नसेल तर भांडत बसू नका, लेखी तक्रार द्या आणि तिचा नंबर घ्या. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांतल्या 2024 च्या दुरुस्तीप्रमाणे तक्रारीनंतर 5 दिवसांत जोडीला दुसरं मीटर लावून किमान 3 महिने वापर ताडून बघणं वीज कंपनीवर बंधनकारक आहे. रामबाग-लोकमान्य नगरमध्ये अर्ज लिहायला कुणाला मदत हवी असेल तर मेसेज करा, मी लिहून देतो.