अपघात कुठे करावा?

रासायनिक कारखाना काढायचा विचार आहे? उत्तम. जागा, पाणी, वीज नंतर पाहू. आधी एवढं ठरवा, की अपघात कुठल्या देशात करायचा.

अमेरिकेत चुकूनही नको. तिथे ज्युरी नावाचा प्रकार आहे. नाक्यावरून उचलून आणल्यासारखी साधी माणसं बसतात आणि नुसती नुकसानभरपाई देऊन त्यांचं पोट भरत नाही. वर दंडात्मक भरपाई लावतात, कंपनीला झोंबेल अशी. 24 मार्च 1989 ला अलास्कात ‘एक्सॉन वाल्डेझ’ जहाज खडकाळ उथळ भागात अडकून फुटलं, तेल सांडलं. त्या धडकेत माणूस एकही दगावला नाही. पाखरं, मासे आणि कोळ्यांचा धंदा बुडाला. ज्युरीने 1994 मध्ये निव्वळ दंड ठोकला 5 अब्ज डॉलर! बिचारी कंपनी 2008 पर्यंत भांडली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तो 50 कोटी 75 लाख डॉलरवर आणला.

आता भोपाळ बघा. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइड या अमेरिकन कंपनीच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. हजारो मेले, लाखोंचे डोळे आणि फुप्फुसं कामातून गेली. सरकारने मागितले 3.3 अब्ज डॉलर. अलास्कातल्या तेलगळतीच्या जेमतेम पाच आठवडे आधी तडजोड झाली 47 कोटी डॉलरवर, मेलेले-जगलेले सगळे मिळून. म्हणजे तेलाच्या तवंगावरच्या, कापून उरलेल्या दंडाहूनही कमी. कंपनीच्या 1988 च्या हिशेबात या प्रकरणाचा बोजा पडला शेअरमागे 43 सेंट, आणि तरी ते वर्ष तिच्या इतिहासातलं सर्वांत कमाईचं ठरलं.

हे साधतं कसं? भारतावर प्रेम करून. भारत सरकार न्यूयॉर्कच्या कोर्टात सांगत होतं, आमच्या न्यायालयांना हे झेपणार नाही, तुम्हीच चालवा. कंपनी म्हणाली, छे छे, भारतीय न्यायव्यवस्था अतिशय समर्थ आहे! आणि तसं प्रतिज्ञापत्र कुणाचं? ज्यांचं बजेटवरचं भाषण ऐकायला ब्रेबॉर्न स्टेडियम भरायचं, त्या आपल्या नामवंत वकील नानी पालखीवालांचं. न्यायाधीश कीनन यांनाही ते पटलं. खटला अमेरिकेत ठेवणं हा साम्राज्यवाद ठरेल, असं त्यांनी 1986 मध्ये लिहिलं. साम्राज्यवाद टळला. खटला भोपाळला आला.

त्याच वर्षी एक विघ्न आलं होतं. दिल्लीतल्या श्रीराम कारखान्याच्या ओलियम (जहाल आम्ल) गळतीवर सरन्यायाधीश भगवतींनी निकाल दिला, की कंपनी जेवढी मोठी, तेवढी भरपाई मोठी. दचकू नका. तडजोडीच्या वेळी तो निकाल कुणाच्या पायात आला नाही. पुढे दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाच्या आगीत 59 माणसं गेली, तेव्हा उच्च न्यायालयाने लावलेला अडीच कोटींचा दंड सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये 25 लाख केला. आपल्याकडे दंडही मध्यमवर्गीयांना परवडेल असा असतो.

तुरुंगाची भीती वाटते? कंपनीचे अध्यक्ष वॉरन अँडरसन भोपाळला आले, अटक झाली, 25,000 रुपयांच्या जामिनावर त्याच दिवशी सुटले आणि सरकारी विमानाने दिल्लीला गेले. बहुतेक जखमींना पहिल्यांदा मिळालेली भरपाईही 25,000च. सगळ्यांना समान न्याय. 2010 मध्ये भारतीय अधिकाऱ्यांना दोन-दोन वर्षं सुनावली गेली. जामीन तिथल्या तिथे.

एवढ्यावरही कुणी दंडात्मक भरपाई हवी म्हणू लागलं, तर लगेच मॅकडोनाल्ड्सच्या कॉफीची गोष्ट सांगा: अंगावर कॉफी सांडली आणि बाई लक्षाधीश झाली! लोक हसतात, विषय संपतो. बाई 79 वर्षांच्या होत्या, कातडी कलम करावी लागली, त्यांनी आधी फक्त 20,000 डॉलर मागितले होते, भाजल्याच्या सातशेच्या आसपास तक्रारी कंपनीकडे आधीच पडून होत्या आणि ज्युरीचा 27 लाखांचा दंड न्यायाधीशांनीच 4 लाख 80 हजार केला, हे मधे आणू नका. गोष्टीची मजा जाते. एकट्या फिर्यादीला घबाड मिळणं बरोबर आहे का, हा प्रश्न मात्र जरूर विचारा. प्रश्न खरा आहे, म्हणून तर तो कामाला येतो.

आणि तडजोडीवर सही झाली की निर्धास्त झोपा. सरकारने नंतर वाढीव भरपाई मागितली, ती याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये फेटाळली. ताशेरेही ओढले. कंपनीवर नव्हे हो, सरकारवर! गॅसपीडितांचा विमा उतरवायला सांगितलं होतं, तो उतरवला नाही म्हणून.