गिदोनाचं काय मग?

नेतृत्वावरचा तुमचा लेख आवडला पण त्यातलं 'देवाने नेमलेल्या नेत्याला भीती शिवत नाही' हे वाक्य काही पटलं नाही. बायबलमधला गिदोन, देवानेच इस्राएलला सोडवायला निवडलेला, पण सापडला तेव्हा शत्रूच्या, म्हणजे मिद्यान्यांच्या भीतीने द्राक्षकुंडात लपून गहू झोडत होता, आणि बआल या परक्या दैवताची वेदी पाडली तीसुद्धा रात्री, घरच्यांना आणि गावकऱ्यांना घाबरून. तरी देवदूत त्याला बलवान वीर म्हणतो! आमच्या चर्चच्या मंडळीत, पुण्यातल्या खडकीत, एक मावशी आहेत, वार्षिक सभेत दफन फंडाचा हिशोब मागायला उभ्या राहिल्या तर हातातला कागद एवढा थरथरत होता की शेवटी शेजारच्या बाईने धरला, पण प्रश्न तिन्हीच्या तिन्ही विचारूनच बसल्या. बाकी आम्ही सगळे 'अनुभवी' पुरुष चहा कधी येतो बघत होतो. असली वाक्यं वाचून अशा बायकांना वाटतं की आपल्याला भीती वाटते म्हणजे आपला विश्वासच कमी.

आणि लेखातली उदाहरणं सगळी परदेशातलीच का हो? पंडिता रमाबाईंनी १८८९ ला मुंबईत विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन ही शाळा काढली, पुढच्याच वर्षी पुण्यात आणली, १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून गदारोळ झाला आणि पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या. तरी बाई थांबल्या नाहीत, १८९६-९७ च्या दुष्काळातल्या मुलींना घेऊन दौंडजवळच्या केडगावला गेल्या. तिथलं त्यांचं मुक्ती मिशन अजून चालू आहे, पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलात की झालं. पुढच्या भागात त्यांच्यावर लिहा की.