आधी सांगा, जखम कुठंय?

परवा दुपारी भाची दुकानात आली. पुढच्या महिन्यात लग्न. पर्समधून ड्रॉपरवाली एक काचेची बाटली काढून काउंटरवर ठेवली. "मावशी, हे चांगलं आहे ना गं?" वर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं, ईजीएफ सीरम. किंमत 3,200 रुपये, बाटली 30 मिलीची. ऑनलाइन मागवलेली.

सांगलीत माझं मेडिकल आहे, 22 वर्षं झाली. ईजीएफ म्हणजे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर. या अक्षरांशी माझी ओळख फ्रिजमुळे आहे. इन्शुलिनच्या शेजारी त्याच ईजीएफच्या जेलची ट्यूब मी ठेवते. ती न्यायला येतात शुगरचे पेशंट, म्हणजे बहुतेक वेळा त्यांच्या सुना नाहीतर मुलगे. पायाला जखम, चार-चार महिने भरत नाही, अंगठा काढावा लागेल की काय या भीतीनं घर अर्धं झालेलं. भारत बायोटेकचं नाव कोविडच्या लशीमुळे घरोघरी पोचलं, पण त्यांचं हे जेल त्याआधीच बाजारात होतं. खोक्यावर आरएक्स आणि लाल पट्टी. चिठ्ठीशिवाय मी देत नाही.

भाचीच्या बाटलीवर ना आरएक्स, ना पट्टी. नाव मात्र तेच.

ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशींना जाणारा निरोप. कातडी फाटली की रक्तातल्या प्लेटलेट तिथं गोळा होतात, आपल्या पोटातल्या पुड्या सोडतात आणि आजूबाजूच्या पेशींना कळतं, चला, कामाला लागा, भोक बुजवायचंय. अमेरिकेत स्टॅन्ली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला, तेव्हा एरवी बाराव्या-चौदाव्या दिवशी उघडणारे डोळे सातव्या दिवशीच उघडले. त्या अर्कातून ईजीएफ सापडलं. 1986 साली ग्रोथ फॅक्टरच्या शोधासाठी कोहेन आणि रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना नोबेल मिळालं. या रीटाबाई ज्यू. मुसोलिनीच्या कायद्यांनी विद्यापीठाची दारं बंद केली, तर तूरिनच्या घरी झोपायच्या खोलीत कोंबडीच्या अंड्यांवर प्रयोग करत बसल्या. पुढे 103 वर्षं जगल्या, तेही बिनसीरमच्या! असो.

आपल्या लाळेतही ईजीएफ असतं. बोट कापलं की आपण आधी तोंडात घालतो ते आठवा. (शुगरवाल्यांनी हे वाचून पाय चाटायला जाऊ नये. तोंडात जंतूही असतात.)

म्हणजे निरोप खरा आहे. कातडीला तो लागतोही. फुप्फुसाच्या कॅन्सरवर गेफिटिनिब, एर्लोटिनिबसारख्या गोळ्या असतात, त्या नेमका हाच निरोप अडवतात. त्या घेणाऱ्या पेशंटचं तोंड पुळ्यांनी भरून जातं, कातडी कोरडीठाक पडते आणि पापण्यांचे केस लांब वाढू लागतात. असा एक पेशंट काउंटरसमोर उभा राहिला की ईजीएफ म्हणजे थोतांड असं म्हणायची हिंमत होत नाही.

माझं भांडण दाराशी आहे. ईजीएफचा रेणू साधारण 6,000 डाल्टन वजनाचा (डाल्टन म्हणजे रेणूंच्या वजनाचं माप). धडधाकट कातडीतून 500 डाल्टनच्या पुढचं फारसं काही आत जात नाही, हा त्वचेच्या औषधांतला ढोबळ हिशेब. सुरकुत्यांच्या क्रीममधलं रेटिनॉल 286 चं, म्हणून ते शिरतं. ईजीएफ दारातच उभं राहतं. जखमेत मुळात दारच नसतं, म्हणून जेल तिथं पोचतं. आणि तिथं तरी किती चमत्कार? अमेरिकेत 1997 मध्ये ईजीएफच्या पीडीजीएफ या भावंडाचं, म्हणजे प्लेटलेटमधल्या ग्रोथ फॅक्टरचं, जेल पायाच्या जखमांसाठी मंजूर झालं. एका मोठ्या चाचणीत 20 आठवड्यांत शंभरातल्या 50 जणांची जखम पूर्ण भरली आणि औषध नसलेलं नुसतं जेल लावलेल्या शंभरातल्या 35 जणांची. फरक आहे, पण उघड्या जखमेवर, नीट ड्रेसिंग करून, पायावरचा भार काढून एवढा. मग शाबूत गालावर दोन थेंब लावून 'दहा वर्षांनी तरुण'?

भाची म्हणाली, "पण लावल्यावर चेहरा छान दिसतो गं." दिसणारच. बाटलीत हायलुरॉनिक ॲसिड आहे, ग्लिसरीन आहे. त्यानं कातडी टवटवीत दिसते. ते दोनशे रुपयांतही मिळतं.

यावर क्लिनिकवाल्यांनी उपाय काढला तो बारीक सुयांचा, म्हणजे आपणच दार पाडायचं. पीआरपी, म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा, त्यातलंच. तुमचंच रक्त काढायचं, मशीनमध्ये फिरवायचं, प्लेटलेटचा घट्ट भाग वेगळा करून डोक्यात नाहीतर चेहऱ्यात टोचायचा. हल्ली त्याच्या पुढचं जीएफसी, म्हणजे ग्रोथ फॅक्टर कॉन्सन्ट्रेट, निघालंय. त्यात प्लेटलेट फोडून त्यांचा माल तेवढा घेतात. टक्कल पडायला लागलेल्यांत पीआरपीचा बऱ्यापैकी उपयोग होतो असं सांगणाऱ्या चाचण्या आहेत, हे मी मान्य करते. पण रक्त किती घेतलं, किती फिरवलं, प्लेटलेट किती पट झाल्या, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. केमिस्ट म्हणून मला हे खटकतं. पाचशे मिलिग्रॅमची गोळी सांगलीत आणि साताऱ्यात पाचशेचीच असते. इथं तसं काही नाही.

आमच्या गल्लीतला एक मुलगा लग्न ठरल्यावर केसांसाठी पीआरपीच्या सहा सीटिंगचं पॅकेज घेऊन बसला. पैसे आगाऊ भरलेले. थायरॉइड तपासलंस का? नाही. केसगळतीवरचं मिनॉक्सिडिल लावून पाहिलंस? नाही. टोचतं कोण? तर "तिथली मॅडम". मॅडम डॉक्टर आहे का, हे त्याला ठाऊक नव्हतं. मग मीच त्याला त्वचारोगतज्ज्ञाचं शिक्षण काय असतं ते सांगितलं, एमडी नाहीतर डिप्लोमा, आणि मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारून ये म्हटलं. तो विचारायला लाजला. जावई लाजतात तसा.

लाजायचं कशाला? अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या एका स्पामध्ये रक्ताचं हेच फेशियल करून घेतलेल्या बायकांना एचआयव्ही झाला. पहिली केस 2018 ची. तिथल्या रोगनियंत्रण संस्थेनं 2024 मध्ये त्याचा अहवाल दिला. स्पाकडे परवाना नव्हता. रक्ताच्या बिननावाच्या नळ्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये, खाण्याच्या पदार्थांशेजारी सापडल्या. हे वाचल्यापासून मी माझ्या फ्रिजमध्ये डबासुद्धा ठेवत नाही.

माझ्याकडून ट्यूब नेणारे एक आजोबा आहेत, कवठेमहांकाळकडचे. रोज ड्रेसिंग, शुगर आटोक्यात, वर हे जेल. मागच्या महिन्यात त्यांचा मुलगा सांगून गेला, जखम आता एक रुपयाच्या नाण्याएवढी राहिलीय. त्यांना मी उधारीवरही ट्यूब देते.

भाचीला म्हटलं, सनस्क्रीन लाव, झोप काढ, बाटली परत पाठव. कंपनीनं उघडलेली बाटली परत घेतली नाही. म्हणून ती आता माझ्या आरशापुढे आहे. रात्री लावते. मॉइश्चरायझर म्हणून खरंच बरी आहे.