म्हणे, म्यूट तर नाही ना झालाय?

यापुढे जो कुणी मला "म्यूट तर नाही ना झालाय?" असं विचारेल, त्याच्या मांडीवर मी हा लॅपटॉप ठेवून येणार आणि चवथीपर्यंत, म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंत, परत न्यायला जाणार नाही. पंधरा वर्षं ऑफिसात संगणकावर बसते मी. म्यूटचं बटण कुठे असतं ते मला कळतं हो!

झालं असं. चवथ तोंडावर आलीय, गावच्या नाटकाच्या तालमी सुरू आहेत. ऑर्गन आणि तबलेवाले शेवटच्या चार दिवसांत उगवतात, तोवर पदांची साथ माझ्या लॅपटॉपवरून. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या होत्या म्हणून हेडफोन लावून पदं ऐकली आणि संध्याकाळी लॅपटॉप घेऊन देवळाच्या सभामंडपात गेले. सोळा माणसं तयार, नायिका पदर खोचून उभी. मी बटण दाबलं. शांतता. साउंडच्या सेटिंगमधली ती पट्टी मात्र सुरांबरोबर मस्त वरखाली नाचत होती. मुक्याने तान घ्यावी तशी! "हां हां, म्यूट असेल," मागून कुणीतरी म्हणालंच.

रात्री जेवण झाल्यावर बसले. व्हॉल्यूम मिक्सर बघितला, सगळं शंभरावर. टीव्हीला एचडीएमआय केबल लावली की आवाज टीव्हीकडे पळतो, म्हणून आउटपुटची यादी उघडली. टीव्ही नव्हता, एकच नाव होतं. बरं, म्हणून पुढे गेले. (ते नाव वाचायला हवं होतं मी. सांगते पुढे.) मग आतल्या त्या ट्रबलशूटरला कामाला लावलं. गोल गोल फिरला, फिरला आणि म्हणाला, कोणतीही समस्या आढळली नाही. अरे, मग मी काय मध्यरात्री गंमत म्हणून बसलेय? विंडोज ऑडिओ नावाची सर्व्हिस बंद करून चालू केली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ऑडिओचा ड्रायव्हर, म्हणजे आवाजाची चिप चालवणारं सॉफ्टवेअर, उडवला, रीस्टार्ट केलं, तो आपोआप परत येऊन बसला. चिप रिअलटेक कंपनीची. त्यांच्या बोधचिन्हावर खेकडा असतो, तेव्हा ह्या कुर्लीनेच नांगी मारली असणार असं धरून मी नवा ड्रायव्हर उतरवायला घेतला. निम्म्यावर आला आणि वीज गेली. बाहेर धो धो पाऊस. कोकणी, मराठी, दोन्ही भाषांतल्या सगळ्या शिव्या संपल्या माझ्या.

दुसऱ्या दिवशी ब्लूटूथ स्पीकर जोडला तर त्यातून खणखणीत आवाज! म्हणजे फाइल ठीक, विंडोजही ठीक. अडलंय ते लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरांच्या वाटेवर. मग तो ब्लूटूथच न्यायचा ना तालमीला? नेला. पण आवाज इतका उशिरा येतो की नायिका समेवर आली तेव्हा तबला अजून वाटेतच होता.

सल्ले मात्र फुकट आणि पोतंभर. पुण्यात इंजिनिअर असलेला पुतण्या फोनवर म्हणतो, "काकी, रीस्टार्ट केलंत का? मग विंडोज नव्याने टाका." म्हणजे दात दुखतोय तर डोकंच बदला. शेजारीण म्हणाली, "तांदळात ठेव, माझा मोबाइल तसाच बरा झाला." उकड्या तांदळात की सुरय तांदळात, ते मात्र सांगितलं नाही.

शेवटी म्हापशाला दुरुस्तीच्या दुकानात गेले. गेले ती शुक्रवारी, अक्कल माझी! बाजाराचा दिवस, गाडी ठेवायला जागा शोधण्यात पाऊण तास. पोचले एक वाजून दहा मिनिटांनी. शटर खाली. आता साडेतीनला उघडणार. दुपारच्या झोपेवर माझा राग नाही, मी गोव्याचीच आहे. पण त्या दिवशी होता. साडेतीनचे चार झाले, मग एक पोरगा आला. लॅपटॉप उघडला, एक बटण दाबलं, मान हलवली. "बाय, मदरबोर्ड गेला हाचो. बदलूंक जाय." किती? नऊ हजार. खोलून बघितलंस का रे? नाही. जॅकमध्ये डोकावलास? नाही. तपासणीचे तीनशे मात्र घेतले आणि वर म्हणतो, फाल्यां यो. उद्या ये म्हणे!

फाल्यां गेले नाही. रात्री पुन्हा ती आउटपुटची यादी उघडली आणि या खेपेला वाचली. "हेडफोन्स." हेडफोन कपाटात, कपाटाला कुलूप, आणि हा गाढव हेडफोन लावलेत असं धरून बसलाय! हेडफोनच्या त्या साडेतीन मिलिमीटरच्या भोकात एक बारीकशी पत्ती असते. पिन आत गेली की ती सरकते, चिपला कळतं की हेडफोन आले, आणि चिप स्पीकर गप्प करते. पिन काढल्यावर पत्तीने परत जागेवर यायचं असतं. मोबाइलचा टॉर्च मारून बघितलं तर आत हिरवट पापुद्रा. इथे पावसाळ्यात सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर समुद्राची खारी हवा. मिठाला पाणी सुटतं, चपलांना बुरशी येते, काडेपेटी ओली होते. मग तांब्या-पितळेची ती पत्ती काय सोवळ्यात राहणार? आणि एवढ्याशा पत्तीच्या भरवशावर अख्ख्या लॅपटॉपचा आवाज सोडून देणारा तो कोण शहाणा होता, त्याला एकदा जुलै महिन्यात डिचोलीला आणून ठेवा.

लॅपटॉप पूर्ण बंद केला. टूथपिकला कापसाचा धागा गुंडाळला, औषधाच्या दुकानातल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलात जेमतेम ओला केला, आत हळूच फिरवला. काळा-हिरवा निघाला. मग हेडफोनची पिन वीसेक वेळा आतबाहेर केली, अर्धा तास वाळू दिलं आणि चालू केला. व्हॉल्यूम शंभरावरच होता हे विसरले होते. रात्री पावणेएकला घरात नांदी दणाणली. सासूबाई खोलीतून ओरडल्या, "अगो, म्यूट कर ते!"

आता त्या भोकावर मी चिकटपट्टी लावलीय, दुहेरी. पुतण्या चवथीला आलाय. काल विचारत होता, "काकी, हेडफोन कुठे लावू?"

सांगितलं मी त्याला कुठे ते.