टॉवर उभे राहिले म्हणजे लाइन झाली का?

सोलापूरच्या पार्क चौकात परवा विषय निघाला तो नेपाळच्या विजेचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथली ४० मेगावॉट जलविद्युत भारतातल्या तारांवरून बांगलादेशाला गेली. बसूचं म्हणणं सरळ होतं, "पाणी आहे, गिऱ्हाईक आहे. मधे टॉवर टाकायचे, तारा ओढायच्या. एवढी वर्षं लागतातच कशाला?"

"नेपाळच्या ढल्केबरहून बिहारच्या मुझफ्फरपूरला येणारी लाइन बघ की," श्रीनू म्हणाला. "टॉवर ४०० केव्हीचे, म्हणजे ४०० किलोव्होल्टचे, डबल सर्किट: एकाच टॉवरवर तीन-तीन फेजच्या दोन लाइन. २०१६ ला लाइन चालू झाली ती १३२ वर. २०१८ ला २२० आणि ४०० व्हायला २०२० उजाडलं. तारा त्याच, टॉवर तेच. नेपाळच्या टोकाला ४०० चं सबस्टेशनच तयार नव्हतं."

"कमी व्होल्टेजवर का होईना, वीज गेली ना?"

"किती गेली? तारेतून करंट तेवढाच जाऊ शकतो, म्हणजे १३२ वर वीज एकतृतीयांश. आणि तेवढीच वीज न्यायची म्हटली तर करंट तिप्पट, तारेतली गळती नऊपट. सगळ्या टॉवरचा पैसा जमिनीत गाडून ठेवायचा आणि वाट कुणाची बघायची, तर ट्रान्सफॉर्मर आणि ब्रेकरची, म्हणजे लाइन जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचची."

मलाही हेच पटतं. असल्या कामात ऑर्डर आधी टोकांची निघायला हवी. ४०० केव्हीचा ट्रान्सफॉर्मर कारखान्यातून टेस्ट होऊन निघतो, घाटरस्त्याने ट्रेलरवर चढतो, मग तेल भरून, सुकवून, पुन्हा टेस्ट होऊन उभा राहतो. त्याला घाई चालत नाही.

मुजीबभाईंनी मात्र बसूला दुसऱ्या बाजूने धरलं. "तारा ओढायच्या हे इतकं हलकं घेऊ नकोस. ट्विन मूज, म्हणजे प्रत्येक फेजला 'मूज' जातीच्या जाड तारांची जोडी; डबल सर्किटला दर किलोमीटरला १२ किलोमीटर तार, वजन २४ टन. ती जमिनीवर घासत ओढली की ॲल्युमिनियमवर ओरखडे, ओरखड्यावर कोरोना, म्हणजे तारेभोवतीच्या हवेत वीज झिरपणं. म्हणून आधी ओढायची पायलट वायर, एका टोकाला खेचणारा पुलर, दुसऱ्याला ताण धरून ठेवणारा टेन्शनर, आणि तार सगळा वेळ हवेत. दोन तारांचा जोड दाबताना आतली पोलादी स्लीव्ह (नळी) आधी, बरोबर मध्यावर, मग ॲल्युमिनियमची. स्लीव्ह सरकली की जोड वर्षा-दोन वर्षांनी तापायला लागतो, थर्मल कॅमेऱ्यात लाल दिसतो आणि एखाद्या भर उन्हाळ्यात तुटतो. रेल्वे, मोठा रस्ता किंवा नदी ओलांडणाऱ्या गाळ्यात, म्हणजे दोन टॉवरमधल्या अंतरात, तर जोड घालायचाच नाही."

"आणि पाया," ते पुढे म्हणाले. "चारही स्टब, म्हणजे पायात गाडायचे टॉवरच्या पायांचे तुकडे, टेम्प्लेटच्या साच्यात बांधायचे, कर्ण मोजायचे, लेव्हल बघायची, मगच काँक्रीट. काही मिलिमीटर चुकले तरी वर जाता जाता भोकं जुळत नाहीत. मग गँग टॉमीने (पहारीने) ओढून बोल्ट बसवते आणि तो ताण टॉवरच्या अंगात कायमचा राहतो."

आपल्याकडे काळी माती फुगते-आकसते, एवढीच काळजी. तराई आणि उत्तर बिहारात नदीच जागा सोडते. ऑगस्ट २००८ मध्ये नेपाळातल्या कुसहाला कोसीचा बांध फुटला आणि भारत-नेपाळ जोडणाऱ्या दुहबी-कटैया या १३२ केव्ही लाइनचे टॉवर गेले. त्या हिवाळ्यात नेपाळमध्ये भारनियमन दिवसाला १६ तासांवर पोचलं. आज जिथे नदी नाही तिथेही पाइल फाउंडेशन, म्हणजे खोल खांबांचा पाया, मागणारा इंजिनियर उधळ्या नसतो.

खरा वाद पेटला तो दोन देशांची ग्रिड कशी जोडायची यावर. बसू म्हणाला, "बांगलादेशाला भेरामारात केलं तसं बॅक-टू-बॅक टाका. एसीचं डीसी, परत एसी. तिकडचा बिघाड तिकडेच. ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व, ईशान्य तिन्ही ग्रिड बसले तेव्हा दक्षिण वाचली, कारण ती फक्त डीसीनेच जोडलेली होती. आपलं चंद्रपूरकडचं भद्रावतीचं स्टेशन त्यातलंच."

"आणि ती डीसीची भिंत पडली कुठे?" श्रीनू म्हणाला. "आपल्या सोलापुरात! ३१ डिसेंबर २०१३, रायचूर-सोलापूर, ७६५ केव्हीची एसी लाइन. दक्षिणेला वीज कमी पडत होती म्हणून पडली. शिवाय ५०० मेगावॉटच्या कन्व्हर्टरला २५० ते ३०० मेगाव्हार लागतात (व्होल्टेज सांभाळणाऱ्या रिॲक्टिव्ह पॉवरचं हे माप), म्हणजे फिल्टर बँकांचं वेगळं यार्ड. त्यात दुसऱ्या बाजूचं ग्रिड अशक्त असेल तर व्होल्टेज जरा खाली गेलं की कम्युटेशन फेल, म्हणजे कन्व्हर्टरमधला करंट एका व्हॉल्व्हवरून दुसऱ्यावर जातच नाही. नेपाळसारख्या लहान ग्रिडला मोठ्या ग्रिडचा आधारच हवा, तो एसीनेच मिळतो. भूतानचं चुखा जलविद्युत प्रकल्पापासून तसंच चाललंय."

"मग लाइन ट्रिप झाली की?"

यावर श्रीनू थांबला, कारण हा प्रश्न रास्त आहे. पावसाळ्यात नेपाळ वीज पाठवत असताना लाइन तुटली तर तिकडे वीज एकदम जास्त होते, फ्रिक्वेन्सी उसळते आणि जनित्रं एकामागून एक बाहेर पडतात. हिवाळ्यात नद्या आटल्या की प्रवाह उलटा. मग लाइन तुटली तर तिकडे अंधार. यावर उपाय डबल सर्किटवर संपत नाही. लाइन पडताक्षणी किती जनित्रं बंद करायची, कुठले फीडर (गावांकडे जाणाऱ्या लाइन) तोडायचे, हे आधी ठरवून रिलेमध्ये, म्हणजे बिघाड ओळखून ब्रेकर उघडणाऱ्या यंत्रात, घालावं लागतं, आणि तेही दोन्ही देशांच्या कंट्रोल रूमने एकत्र बसून. बसू म्हणाला, हे काम कागदावर होतं आणि तिथेच राहतं. त्याचं हे म्हणणं मला खोडता आलं नाही.

रात्रीचा त्रास निराळाच. भार हलका असला की लांब लाइन स्वतःच व्होल्टेज चढवते. ट्विन मूजला किलोमीटरमागे अर्ध्या मेगाव्हारच्या वर, म्हणजे सव्वाशे किलोमीटरला एका सर्किटचे साठाहून जास्त. हे जादा मेगाव्हार शोषणारी रिॲक्टरची कॉइल नसेल तर ऑपरेटर एक सर्किट उघडून ठेवतो, आणि नेमकं तेव्हाच दुसरं ट्रिप झालं की दोन सर्किट बांधल्याचा उपयोग शून्य.

शेवटी मुजीबभाई सीमेवर आले. अलीकडची लाइन एका ठेकेदाराची, पलीकडची दुसऱ्याची. शेवटच्या टॉवरवर दोन्ही बाजूंचा ताण जुळायला हवा, टॉवरच्या माथ्यावरच्या अर्थ वायरमधली ऑप्टिकल फायबर जुळायला हवी, आणि सगळ्यात आधी फेज. एकाने आर-वाय-बी हे तीन फेज वरून खाली या क्रमाने घेतले आणि दुसऱ्याने उलट, तर जम्पर (टॉवरवर दोन बाजूंच्या तारा जोडणारे तुकडे) बसतात छान, दिसायला लाइन पूर्ण. म्हणून जम्पर बसले की आधी मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून टोकापासून टोकापर्यंत एकेक फेज ओळखायचा. मग मजबूत टोकाकडून, म्हणजे मुझफ्फरपूरहून, लाइन चार्ज करायची. ढल्केबरचा ब्रेकर उघडाच ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंना फेजचा क्रम, व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी आणि कोन तपासायचा. चारही जुळल्याशिवाय तो ब्रेकर बंद करायचा नाही, वरून कितीही फोन आले तरी.